झाकणाखालचा डोंगर

सोमवार, ४

खरं सांगायचं तर आईने ही वही पिशवीत घातली तेव्हाच मला माहीत होतं की मी लिहिणार नाही. "रोज दोन ओळी लिहीत जा, म्हणजे तू कुठे आहेस ते निदान तुला तरी कळेल," असं ती म्हणाली होती. तेव्हापासून या वहीवर मी गरम भांडं ठेवलं, हिने माश्या मारल्या, हिच्यावर डोकं ठेवून झोपलेसुद्धा. लिहिलं मात्र नाही. आज मामा डिझेल आणायला खाली गेलाय, मशीन गप्प आहे, आणि करण्यासारखं दुसरं काहीच नाही म्हणून ही पाळी आली.

मी इथे कशी आले ते आधी. शिवणकाम सोडलं, फोटोवाल्याकडचं काम सोडलं, रोपवाटिकेतलं काम तर फार आवडत होतं, तेही सोडलं. का, ते अजून मला कळलेलं नाही. शेवटी मामाने आईला फोन केला, "पाठव त्या भिंगरीला माझ्याकडे. इथे डोंगर आहे. कितीही फिरली तरी डोंगरातच राहील." तेव्हापासून इथे सगळे मला भिंगरीच म्हणतात.

मामा बोअर मशीन चालवतो. जमिनीत खोल भोक पाडायचं आणि खाली तांबं आहे का ते बघायचं. ज्या कंपनीसाठी तो हे करतो तिला हा डोंगर फक्त तपासून बघायला मिळालाय. डोंगर सरकारी आहे, म्हणजे सगळ्यांचा. मामी म्हणते, "सगळ्यांचा म्हणजे ओटा पुसायची पाळी कुणाची नाही."

मामाचं म्हणजे विंचवाचं बिऱ्हाड. मशीन जाईल तिकडे घर. मामीने आजवर कुठल्याच घरात भिंतीला खिळा मारला नव्हता, अर्धं सामान खोक्यांतच असायचं. इथे तांबं लागलं तर वर्षानुवर्षं काम आहे, म्हणून यंदा तिने खिळा मारला आणि आरसा टांगला. मी आले त्या दिवशी तिने मला आधी खिळा दाखवला, मग चहा दिला.

मंगळवार, ५

मला काम लागलं! जमीन खात्याच्या एक बाई आहेत, त्यांच्यामागून झेंडे खोचत हिंडायचं. त्यांचं खरं नाव पाटीवर लिहिलेलं आहे, पण सगळे त्यांना झेंडेबाई म्हणतात आणि त्यांनाही ते माहीत आहे. लाल झेंडा म्हणजे इथे पाऊलही नाही: घरट्यांचं कुरण, झऱ्याचा माथा, जुनी झाडं. पांढरा म्हणजे खुशाल खणा. पिवळा म्हणजे विचारून, जपून.

मी विचारलं, "बाई, सगळाच डोंगर लाल का नाही करून टाकत? किती सुंदर आहे!"

त्यांनी माझ्याच खिशातून माझा फोन काढून माझ्यासमोर धरला. "हा आभाळातून पडला का? याच्या पोटात तांबं आहे. कुणाच्या तरी डोंगरातून आलंय. आपला तेवढा डोंगर सुंदर आणि दुसऱ्याचा म्हणजे उकिरडा, असं कसं चालेल?"

मग म्हणाल्या, "आणि सगळाच पांढराही करता येत नाही. एकदा खणलेला डोंगर परत रचता येत नाही. म्हणून हे झेंडे घेऊन दोघी उन्हात फिरतोय."

पुढे बरंच सांगत होत्या. पिवळ्यात बोअर घेताना सोडलेलं पाणी गायब झालं, खाली पोकळी लागली, तर त्याच दिवशी मशीन बंद आणि त्याच दिवशी खात्याला कळवायचं, नाहीतर परवाना रद्द. मी मान हलवत होते, पण लक्ष एका सरड्याकडे होतं. तो लाल झेंड्याच्या काठीवर चढून बसला होता, जणू मालकच.

संध्याकाळी मामाने मला गाभा दाखवला. मशीन भोक पाडतं तेव्हा आतून दगडाची लांबच लांब कांडी निघते, ती तुकड्यातुकड्याने लाकडी पेटीत ओळीने मांडून ठेवतात. "बोट ठेव," मामा म्हणाला. "आता खाली सरकव. हा वरचा दगड. इथे समुद्र होता. बघ, शिंपला."

शिंपला! डोंगराच्या माथ्यावर! नखाएवढा, पांढरा. मी बोट काढलंच नाही. मामी जेवायला हाका मारत होती आणि मी समुद्रात उभी होते.

शुक्रवार, ८

मामाचं काहीतरी बिनसलंय. पिवळ्या झेंड्याजवळच्या नव्या बोअरवर आहे तो. एरवी भोकात सोडलेलं पाणी चिखल घेऊन वर येतं आणि चरातून वाहतं. आज चर कोरडा ठणठणीत. टाकी भरली, रिकामी झाली, पुन्हा भरली, पुन्हा रिकामी. मी म्हटलं, "मामा, डोंगराला तहान लागलीय." एरवी हसला असता. आज म्हणाला, "तोंड बंद ठेव आणि खाली जाऊन पाववाल्याकडून कोंडा घेऊन ये. असेल तेवढा."

"कोंडा कशाला?"

"चिखल घट्ट करायला. कोंडा फुगतो. सगळेच करतात."

पाववाल्याची भट्टी डोंगराच्या पायथ्याशी, झऱ्याला लागूनच. झऱ्याचं पाणी नळीने थेट त्याच्या परातीत येतं आणि तेवढ्यावर त्याची सगळी मिजास. म्हणतो, "माझ्या पावाची चव माझी नाही पोरी, डोंगराची आहे. मी नुसता मळतो." पोती ट्रॉलीत टाकताना त्याने विचारलं, "कोंबड्या किती आहेत मामाकडे?"

"एकही नाही."

"मग कोण खाणार एवढा कोंडा?"

"डोंगर," मी म्हटलं. दोघंही हसलो.

शनिवार, ९

आणखी कोंडा. आता लाकडाचा भुसाही. डोंगर खातोय. संध्याकाळी मामाने एकाएकी मशीन हलवलं आणि माथ्याच्या बरंच खालच्या अंगाला लावलं. जुन्या भोकावर लोखंडी झाकण बसवून वर माती लोटली. कंपनीचे दगडसाहेब (त्यांना दगडांतलं सगळं कळतं म्हणून हे नाव, आणि बोलत नाहीत म्हणूनही) फोनवर विचारत होते. मामा म्हणाला, "रॉड अडकला साहेब. भोक फुकट गेलं. थोडं खाली नवीन घेतो."

भोकात उतरवायचे सगळे रॉड तर मी मोजून गाडीत ठेवले होते. असेल, मोजण्यात माझा हात कच्चाच आहे.

मंगळवार, १२

आज एक पक्षी सापडला! म्हणजे सापडला नाही, ऐकू आला. दुपारी माथ्यावर एकटीच झेंडे सरळ करत होते तर लांबलचक शीळ आली. चढत नाही, उतरत नाही, एकच सूर, आणि इतका हळू की आपण ऐकतोय की आठवतोय ते कळेना. अंगावर काटा आला. मी झाडं पाहिली, खडक पाहिले, पोटावर सरपटत कुरणाच्या कडेपर्यंत गेले. काही नाही. ऊन कललं तशी शीळ बारीक होत थांबली.

बाईंना विचारलं तर म्हणाल्या, फक्त दुपारी ओरडणारा पक्षी त्यांना माहीत नाही. नवीनच असेल तर? माझं नाव देतील का त्याला?

बुधवार, १३

पक्ष्याचा पत्ता नाही, पण शीळ आज परत झाली. एका मातीच्या उंचवट्यावर बसून मी दुपारभर ऐकत राहिले. काम काहीच झालं नाही. बाई रागावल्या नाहीत, नुसतं म्हणाल्या, "झेंडे वाऱ्याने पडत नाहीत, विसरण्याने पडतात."

घरी येताना पाववाल्याने अडवलं. तणतणत होता. "झऱ्यातून कोंडा येतोय! गाळणं लावलं तरी येतोय! कालचा अख्खा घाणा करडा निघाला. गिऱ्हाईक म्हणतं, वा, तब्येतीला चांगला पाव काढलात. अरे तब्येत गेली खड्ड्यात, माझं पाणी कुणी नासवलं?" पाणी कमीही झालंय म्हणाला. नळीला पूर्वी जोर होता, आता रडतरडत येतं.

मी म्हटलं, पोतं फुटलं असेल कुठेतरी वर.

मामीला ही गंमत सांगितली. मामी हसली नाही. भांडं हातात धरून उभीच राहिली.

शनिवार, १६

काय लिहू. कसं लिहू.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. ज्या उंचवट्यावर बसून मी तीन दिवस पक्षी शोधत होते, पक्षी त्याच्याच खाली होता. आज दुपारी आभाळ दाटून आलं होतं आणि शीळ इतकी जोरात होती की बसल्या जागी मला ती पायांत जाणवली. हाताने माती उकरली. खाली मामाचं लोखंडी झाकण. त्याच्या कडेच्या फटीतून शीळ येत होती.

दगडाने ठोकून झाकण जरासं सरकवलं आणि डोंगराने तोंडावर श्वास सोडला.

खोटं नाही. गार, ओला, भिजलेल्या दगडाच्या वासाचा श्वास. माझे केस वर उडाले. खिशातला पिवळा झेंडा भोकावर धरला तर तो सरळ आभाळाकडे उभा राहिला आणि फडफडायला लागला, आणि सबंध माथ्यावर गवताचं पातंही हलत नव्हतं. मी ओरडले, "ए!" आवाज खाली गेला, आणि गेला, आणि बऱ्याच वेळाने कुणीतरी फार मोठ्या दालनात माझ्यासारखंच ओरडलं. मग खडा टाकला. काहीच नाही. मला वाटलं तो अजून पडतोच आहे. आणि मग अगदी खालून, टुब्ब.

आपण ज्यावर चालतो, बसतो, झेंडे खोचतो, ते सगळं एका छतावर आहे. खाली दालन आहे. त्यात पाणी आहे. ते तिथे कुणालाही न सांगता इतकी वर्षं आहे. मी भोकाच्या कडेला गाल टेकवून किती वेळ पडून राहिले कोण जाणे. रडत होते बहुतेक. दुःखाने नव्हे. एवढं मोठं काहीतरी आपल्याशी बोललं की दुसरं काय करायचं असतं?

कोंड्याचं कोडं मग वाटेने उतरताना सुटलं. एकेका पावलाला एकेक. कोरडा चर. पोती. न अडकलेला रॉड. पाववाल्याचा करडा पाव.

रविवार, १७

मामाशी बोलले. तो अंगणात रॉडच्या आट्यांना ग्रीस लावत होता.

"मामा, झाकण उघडलं मी."

त्याने मान वर केली नाही. "बोट कापलं नाही ना?"

"पाणी गायब झालं तर कळवायचं असतं. बाई म्हणाल्या होत्या."

"मागे एकदा कळवलं होतं," मामा म्हणाला. "दुसऱ्या ठिकाणी. खरं बोललो. शाबासकी मिळाली, आणि दुसऱ्या दिवशी मशीन गाडीवर चढवायचा हुकूम. तुझी मामी तेव्हा तापाने फणफणली होती. तिला गादीसकट टेम्पोत घातलं. तेव्हापासून मी भोकं पाडतो, भाषणं करत नाही."

"पण झऱ्याचं पाणी आटतंय. कोंडा कुठेतरी अडकलाय."

"माहीत आहे." ग्रीसचा हात त्याने गवताला पुसला. "वाटलं होतं, चार पोत्यांत भेग भरेल. भेग असती तर भरली असती. ती भेग नव्हती, भिंगरे." मग एकदम हळू आवाजात, "ऐकलंस ना तूही? काय आवाज येतो! वीस वर्षं जमीन टोचतोय, पण असं कधी..."

मामी दारात आली तसा तो गप्प झाला.

मी कुणाला सांगू नये असं तो म्हणाला नाही. म्हणाला असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

मंगळवार, १९

मी चुगली केली का? अजून ठरत नाही. मी बाईंना एवढंच विचारलं, "डोंगर श्वास घेतो का?"

त्यांच्या हातातला झेंडा हातातच राहिला. "कुठे?"

बस्. त्या एका शब्दाला मला खोटं उत्तर देता आलं नाही.

विहिरीत सोडायचा कॅमेरा त्यांच्या गाडीत असतो. सकाळी भोक हवा आत ओढत होतं. बाई म्हणाल्या, बाहेरची हवा जड झाली की आत जाते, हलकी झाली की बाहेर येते, मोठ्या गुहा अशाच वागतात, आणि वादळाआधी तर जोरात सुस्कारतात. कॅमेरा वायरने खाली सोडला. आम्ही दोघी तळहाताएवढ्या पडद्यावर डोकं डोक्याला लावून बसलो.

आधी पाइप, मग दगड, आणि मग काहीच नाही. नुसता काळोख, सगळीकडे. दिवा हळूहळू फिरला आणि छत दिसलं. छताला पांढऱ्या दगडी सुया लटकत होत्या, हजारो, काड्यांसारख्या पोकळ, आणि प्रत्येकीच्या टोकाला एकेक थेंब. थेंब पडत नव्हते, नुसते चमकत होते. "एक बोटभर सुई व्हायला माणसाचे कित्येक जन्म जातात," बाई कुजबुजल्या. देवळात बोलतात तसं बोलत होत्या. खाली पाणी होतं, काळं, आरशासारखं. त्यात काहीतरी पांढरं आणि बारीक सरकलं आणि दिव्यातून निघून गेलं. बाईंनी माझा हात इतका घट्ट धरला की नखं रुतली.

मग कॅमेरा वळला. पाण्यावर कोंडा तरंगत होता. जाड, करडा, कडेला साय धरावी तसा साचलेला. जिथून पाणी झऱ्याकडे निघतं त्या तोंडाशी त्याचा बांधच झाला होता. भुशाचं एक रिकामं पोतंही होतं.

बाईंनी वायर हळूहळू वर ओढून गुंडाळली.

"परवा पाहणी आहे," शेवटी बाई म्हणाल्या. "समिती येणार, कंपनी येणार, खालचे लोक येणार. बोअर घेणाऱ्याने स्वतः दाखवलं तर मी त्याला शोध लागला असं लिहू शकते. मग हा माथा लाल होईल, आणि तांब्यासाठी पलीकडच्या उतारावरून तिरका बोअर घ्यायला सांगता येईल, गुहेला वळसा घालून. काम जास्त, वेळ जास्त, पण काम राहील. मी दाखवलं तर ते लपवलेलं ठरतं. परवाना रद्द, आणि त्याला पुन्हा कुठल्याच सरकारी जमिनीवर मशीन लावता येणार नाही."

"तुम्ही दोन दिवस थांबाल?"

"थांबू नये," बाई म्हणाल्या. "थांबते आहे. आणि परवा मात्र मी झाकण उघडणार, तो आला तरी आणि न आला तरी."

बुधवार, २०

घरात वादळ. बाईंचं म्हणणं मी मामाला जसंच्या तसं सांगितलं. तो म्हणाला, "तिरका बोअर! कागदावर तिरका. कंपनी म्हणेल परवडत नाही, आणि चालली."

"कदाचित नाही म्हणणार."

"आणि म्हणाली तर? सामान तू बांधणार?"

मामी भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "तिला कशाला बोलता? तिला फक्त दिसलं. पाववाल्याच्या घरात मी काल पाणी मागितलं तर त्याच्या बायकोने पेला अर्धाच भरला, आणि वरून माझीच माफी मागितली. मला तो पेला पिववेना."

"म्हणजे तू पण?"

"मी काही नाही. मी सामान बांधायची बाई. बांधा म्हटलंत की बांधते."

मामा चप्पल घालून निघून गेला. फोन घरातच. जेवायला आला नाही. मामीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाली, "जा, झोप. आणि माझ्यासमोर त्या डोंगराचं नाव काढू नकोस. मी त्याच्यावर पाऊल ठेवणार नाही."

गुरुवार, २१

माथ्यावर बसून लिहितेय, कारण हात स्वस्थ राहत नाहीत.

आभाळ काळंभोर आहे. पाहणीला सगळे जमलेत. समितीचे तिघे छत्र्या घेऊन, दगडसाहेब, पाववाला आणि त्याच्या मागे खालची माणसं. झाकणाखालून डोंगर जोरजोराने सुस्कारतोय. शीळ नव्हे आता, मोठ्या शंखासारखा घोष. सगळ्यांना ऐकू येतंय. लोक बोलायचे थांबलेत. एका बाईने लेकराला उचलून कडेवर घेतलं. पाववाल्याने टोपी काढून हातात घेतली, का ते त्यालाही माहीत नसावं.

समितीतल्या एकाने विचारलं, "हे काय आहे?"

दगडसाहेब म्हणाले, "वारा असावा." पण वारा नाहीये. त्यांचाही चेहरा सांगतोय की वारा नाही. ते झाकणाकडे बघताहेत, मी शिंपल्याकडे बघत होते तसे.

बाईंनी घड्याळ पाहिलं. मग माझ्याकडे. मी मान हलवली: नाही, मामा आला नाही. रात्रभर घरी नव्हता. त्या म्हणाल्या, "अजून थोडं," आणि नकाशा उगाचच उलगडला. आता परत घडी घालताहेत. यापेक्षा हळू कुणाला नकाशाची घडी घालता येणार नाही.

मी उठून सांगावं का? पण माझ्या तोंडून गेलं तर उपयोग नाही, दाखवायला मामाच हवा. आणि तरीही तोंडात तीळ भिजत नाहीये माझ्या.

घडी घालून झाली. बाई झाकणाकडे निघाल्या.

थांबा. पाऊलवाटेवर कुणीतरी आहे. लोक वाट देताहेत. मामा असेल. मामाच. चाल मामाची नाही.

मामी आहे.

मामी, जी डोंगरावर पाऊल ठेवणार नव्हती. घामाने निथळतेय, श्वास लागलाय, खांद्यावर मामाचा झाकण उघडायचा मोठा पाना. मागून मामा येतोय, मान खाली, हात रिकामे, पण येतोय. ती बाईंसमोर थांबली, पाना दोन्ही हातांनी मामाच्या हातात दिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "यांना काहीतरी दाखवायचंय."